पेपर स्प्रे घेताना तिखटपणाचा आकडा नव्हे, या गोष्टी पाहा

पेपर स्प्रेच्या डबीवर सगळ्यात ठळक छापलेला आकडा तिखटपणाचा असतो. वीस लाख, तीस लाख, पन्नास लाख स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). हा आकडा बहुतेक वेळा मिश्रणात घालण्याआधीच्या शुद्ध अर्काचा असतो, डबीतून प्रत्यक्ष उडणाऱ्या द्रवाचा नव्हे. ओलिओरेझिन कॅप्सिकम, म्हणजे मिरचीचा अर्क, १० टक्के की १८ टक्के, यावरूनही फारसं कळत नाही, कारण कमी तिखट अर्क जास्त घातला की टक्केवारी आपोआप वाढते. पाहायचं ते मेजर कॅप्सेसिनॉइडचं, म्हणजे तिखटपणा आणणाऱ्या कॅप्सेसिनसारख्या मुख्य घटकांचं प्रमाण. नागरी वापराच्या चांगल्या डब्यांवर ते साधारण ०.२ ते १.३ टक्क्यांच्या दरम्यान छापलेलं असतं. छापलेलंच नसेल तर ती डबी घेऊ नये.

स्प्रेची खरी परीक्षा मात्र दुसरीच आहे. समोरच्याला तो थांबवतो का, आणि तो वापरणाऱ्यालाही वेळेवर थांबू देतो का? कायदा आणि नीती दोन्ही या दुसऱ्या प्रश्नापाशी येऊन उभे राहतात, म्हणून इथे फॉग, स्ट्रीम आणि जेल हे तीनही प्रकार त्याच कसोटीवर पाहिले आहेत.

फॉग किंवा कोन प्रकारचा फवारा दोन-तीन मीटर जातो आणि पसरतो. नेम चुकला तरी काहीतरी लागतंच, म्हणून विक्रेते तो नवख्यांना सुचवतात. आमचं मत नेमकं उलट आहे. लिफ्ट, बस, जिना, बंद खोली, कुठेही हा फवारा मारला की आजूबाजूचे सगळेच खोकू लागतात. त्यात दम्याचा रुग्ण असू शकतो, कडेवरचं मूल असू शकतं. वारा समोरून असेल तर मारणाराच आधी आंधळा होतो. स्ट्रीम म्हणजे पातळ धार. ती तीन ते पाच मीटर सरळ जाते आणि वाऱ्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण डोळ्यांवर नेम धरावा लागतो. जेल सगळ्यात कमी पसरतं. मात्र ते डोळ्यांत उतरायला क्षणभर जास्त लागतो, आणि समोरच्याला चष्मा असेल तर काचेवरच चिकटून राहतं. उघड्यावर स्ट्रीम, घरात जेल, ही आमची निवड. धार असो की जेल, एक मीटरच्या आतून थेट डोळ्यात मारू नये. दाबाने बुबुळाला इजा होऊ शकते, आणि तात्पुरत्या त्रासाची कायमची इजा होते ती इथेच.

आता डबीची बनावट. अंगठा झाकणाखाली सरकवून दाबायचा प्रकार सगळ्यात भरवशाचा. डबी मुठीत, अंगठा वर. अत्तराच्या बाटलीसारखी तर्जनीने दाबली तर पकड ढिली राहते आणि झटापटीत डबी हिसकावली जाते. फिरवून उघडायचं लॉक असलेल्या, किल्ल्यांच्या जुडग्याला लावायच्या डब्यांचा अनुभव बरा नाही. पिशवीत ते आपोआप फिरतं, आणि ऐन वेळी घामेजल्या बोटांना कुठल्या बाजूला फिरवायचं ते आठवत नाही. अंधारात नुसत्या स्पर्शाने तोंड कुठे आहे ते कळलं पाहिजे. दुकानात डोळे मिटून ही चाचणी घ्यावी. नुसतं पाणी भरलेली सरावाची डबी मिळते. ती सोबत घ्याच, कारण खऱ्या डबीने सराव करत बसलं तर गरजेच्या वेळी दाब उरत नाही. खरी डबी दर काही महिन्यांनी बाहेर मोकळ्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, अर्धा सेकंद तपासावी. मुदत साधारण दोन ते चार वर्षांची असते. मुदत संपली म्हणून तिखट जात नाही, आतला वायू मात्र गळतो आणि धार पायाशीच पडते. उन्हात बंद गाडीत डबी ठेवू नये. ५० अंश सेल्सियसच्या वर ती फुटू शकते. स्प्रे आणि विजेचा झटका देणारं उपकरण एकत्र असलेली वस्तू तर टाळावीच. काही स्प्रेंमध्ये अल्कोहोल असतं आणि ठिणगीने ते पेट घेतं.

वापरायची पद्धत: अर्धा ते एक सेकंद, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोळ्यांवरून आडवी धार, आणि त्याच क्षणी स्वतः एका बाजूला सरकायचं. डोळे मिटलेला माणूस आधीच्या वेगाने सरळ पुढे येतो, म्हणून जागेवर उभं राहणं घातक. मग निघून जायचं. नशेत किंवा मानसिक झटक्यात असलेल्यांवर परिणाम उशिरा होतो किंवा पुरेसा होत नाही, तेव्हा निघण्याची वाट आधीच पाहून ठेवावी. परिणाम साधारण अर्धा ते पाऊण तास टिकतो. सुटका करून घ्यायला तो पुरेसा आहे.

बहुतेक चुका होतात त्या याच्या पुढे. धोका समोर उभा असणं, दुसरा उपाय नसणं, बळ धोक्याच्या मानाने असणं आणि धोका संपताच हात थांबणं, स्वसंरक्षणाची ही चौकट जवळपास सगळ्या देशांच्या कायद्यांत सापडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार आहे. कलम ३७ सांगतं की पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा अधिकार नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २००५ मध्ये, शक्य असेल तर आधी मागे हटण्याचं बंधन काढलं, तरी भीती वाजवी असण्याची अट तिथेही कायम आहे. इंग्लंडमध्ये वाजवी बळ वापरायला १९६७ च्या कायद्याने मुभा आहे, पण १९६८ च्या शस्त्र कायद्यानुसार नागरिकाने पेपर स्प्रे बाळगणंच गुन्हा. वापर योग्य ठरला तरी बाळगल्याचा खटला होऊ शकतो. तेव्हा प्रवासाला निघण्याआधी तिथला नियम पाहणं आलंच. विमानाच्या केबिनमध्ये तर डबी नेताच येत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात म्हटलं आहे की संकटात सापडलेल्याने बळाचा तंतोतंत हिशेब मांडावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. हा मोठा दिलासा आहे. पण हा दिलासा पहिल्या फवाऱ्याला आहे. समोरचा डोळे चोळत खाली बसल्यावर मारलेल्या दुसऱ्या फवाऱ्याला तो मिळेल असं समजू नये. पळणाऱ्या चोराच्या मागे धावून, लोकांनी धरून ठेवलेल्या माणसावर किंवा पार्किंगच्या भांडणात शिवी दिली म्हणून स्प्रे मारला, तर तो बचाव राहत नाही. श्वासावाटे अपाय करणाऱ्या पदार्थाने दुखापत करणं न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये येतं. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, जिवाला तातडीचा धोका नसताना स्प्रे मारल्याच्या प्रकरणात गुन्हा रद्द करायला नकार दिला आणि स्प्रेला धोकादायक हत्यार मानलं.

नीतीच्या बाजूने पाहिलं तर या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात मोठा धोका एकच आहे: तिचा परिणाम ओसरतो. संशय चुकीचा निघाला, समोरचा पंधरा वर्षांचा घाबरलेला मुलगा निघाला, तरी बहुधा तो बरा होऊन घरी जातो. बंदुकीला हे जमत नाही. पण याच खात्रीमुळे हात लवकर उचलला जातो. बंदूकवाला दहादा विचार करील अशा जागी स्प्रेवाला एकदाही करत नाही. "तासाभरात बरं होईल" हे कारण मारण्याआधी मनात येत असेल, तर गरज नव्हती असंच समजावं.

म्हणून नंतरची जबाबदारीही वापरणाऱ्याचीच. सुरक्षित अंतरावर गेल्यावर पोलिसांना आपणच फोन करावा, काय फवारलं ते सांगावं आणि वैद्यकीय मदत मागावी. त्या माणसाला कुणी पालथं दाबून धरलं असेल तर सोडायला सांगावं. दाबलेली छाती आणि आखडलेला श्वास मिळून जीव जाऊ शकतो. मोकळी हवा, भरपूर गार पाणी, सारखी पापण्यांची उघडझाप, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढणं, चोळायचं नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्वचेला तेल नसलेला साबण लावावा. दुधाचा आग्रह धरण्याचं कारण नाही: २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाणी, दूध, बेबी शाम्पू यांच्या परिणामात लक्षणीय फरक दिसला नाही.

लिपस्टिक किंवा पेनाच्या आकाराचे स्प्रे आम्ही सुचवत नाही. त्यांत द्रव कमी मावतो, घाईत तोंड कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही, आणि घरातलं मूल ते पेन समजूनच उचलतं.