एमपास : गोव्याच्या पावसासाठी अख्खी पृथ्वी

गेला उन्हाळा आणि त्यामागोमाग आलेला सगळा पावसाळा मी एमपास हे वातावरणाचं मॉडेल चालवते आहे. फोंड्यातल्या आमच्या महाविद्यालयात एक चौसष्ट कोअरचं वर्कस्टेशन आहे, त्यावर. त्याआधी कित्येक वर्षं वर्फ हे ठरावीक प्रदेशापुरतं चालवायचं हवामान मॉडेल वापरलं, त्यामुळे तुलना त्याच्याशीच होणार.

एमपास म्हणजे 'मॉडेल फॉर प्रेडिक्शन अक्रॉस स्केल्स'. अमेरिकेतली एनकार ही संस्था आणि लॉस अलामॉसची प्रयोगशाळा यांनी ते मिळून उभं केलं. वातावरणाचा भाग 2013 पासून सगळ्यांना मोफत, सोर्सकोडसकट मिळतो. वर्फमध्ये आपण मोठ्या चौकोनात लहान, त्यात आणखी लहान असे चौकोन बसवतो आणि सर्वांत बाहेरच्या चौकोनाच्या कडेला दुसऱ्याच कुठल्या तरी जागतिक मॉडेलचे वारे आत सोडतो. एमपासला ही कडच नाही. सगळी पृथ्वी बहुतांश षटकोनी घरांनी विणलेली असते. दूर प्रशांत महासागरावर घरं मोठी आणि आपल्याला हव्या त्या जागी येईपर्यंत हळूहळू लहान होत गेलेली. तयार जाळं डाउनलोड करायचं आणि ग्रिड-रोटेट नावाच्या छोट्या प्रोग्रामने फिरवून त्याचा दाट भाग गोव्यावर आणायचा. हे काम काही मिनिटांचं आहे.

गोव्याचं क्षेत्रफळ 3702 चौरस किलोमीटर. 60 किलोमीटरच्या जाळ्यात, म्हणजे शेजारच्या घरांच्या मध्यांत तेवढं अंतर असलेल्या जाळ्यात, एक घर साधारण 3100 चौरस किलोमीटरचं, म्हणजे काणकोणपासून पेडण्यापर्यंतचा सगळा गोवा जेमतेम एका घराएवढा. 15 किलोमीटरला एकोणीसेक घरं येतात आणि 3 किलोमीटरला पावणेपाचशेच्या आसपास. 60 किलोमीटरला सह्याद्री नुसता एक मंद चढ होऊन राहतो. 15 ला घाट आहे एवढं कळतं. 3 ला चोर्ल्याची सोंड आणि म्हादईचं खोरं वेगळं दिसू लागतं, आणि पावसाचा पट्टा किनाऱ्यावरून उचलून सत्तरी-धारबांदोड्याच्या उतारावर जाऊन बसतो. वाळपईला पणजीपेक्षा जास्त पाऊस पडतो हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, पण ते मॉडेलमधून आपसूक निघालेलं पाहताना मला खरंच आनंद झाला.

तरीही इतके महिने वापरून माझं मत झालं आहे ते वेगळंच. लोक एमपासकडे येतात त्या 3 किलोमीटरच्या आकड्याला भुलून. मला जास्त उपयोग झाला तो दाट भागाबाहेर, उरलेल्या पृथ्वीवर पसरलेल्या 60 किलोमीटरच्या घरांचा.

सावईवेऱ्याला आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे. पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात, आणि ते झाडावर नीट वाळायला उघाड लागते. सासऱ्यांचा प्रश्न दरवेळी एकच असायचा, "उघाड कधी पडेल आणि किती दिवस टिकेल गो?" या प्रश्नाचं उत्तर सावईवेऱ्यात नसतं, घाटातही नसतं. सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून येणारा, दीडेक किलोमीटर उंचीवरचा तो वेगवान वारा ढिला पडतोय का, किनाऱ्याला समांतर असलेला कमी दाबाचा पट्टा विरतोय का, बंगालच्या उपसागरात काही शिजतंय का, यावर ते ठरतं. हे सगळे हजार-दोन हजार किलोमीटरचे खेळ. वर्फमध्ये ते माझ्या चौकोनाच्या बाहेर, म्हणजे उसने घेतलेले असत. एमपासमध्ये ते त्याच समीकरणांनी, त्याच धावेत, म्हणजे मॉडेल एकदा चालवलं की त्यातच घडतात. चार-पाच दिवसांवरची उघडीप 60 ते 15 किलोमीटरच्या (बाहेर 60, गोव्यावर 15) जाळ्याने बऱ्यापैकी भरवशाने दाखवली, आणि ती धाव रात्री लावली की सकाळी तयार असते.

60 ते 3 किलोमीटरच्या जाळ्याची गोष्ट निराळी. त्यात 8,35,586 घरं आणि प्रत्येकावर 55 थर. कालपायरी, म्हणजे मॉडेल एका वेळी किती सेकंद पुढे सरकतं ते, सगळ्यात लहान घराच्या मापाने ठरते, दर किलोमीटरला साधारण सहा सेकंद, म्हणजे 3 किलोमीटरला अठराच सेकंद. आणि तीच पायरी पृथ्वीभर, चिलीच्या आकाशालाही! पाच दिवसांच्या धावेला आमच्या यंत्रावर जवळजवळ पूर्ण दिवस जातो. म्हणून हे जाळं मी जुन्या घटना तपासायला वापरते. 22-23 जुलै 2021 ला सत्तरी आणि डिचोलीत पूर आला, ती घटना दोन दिवस आधीपासून चालवून पाहिली. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचा जोर आणि कोकणातून गोव्यापर्यंतची पावसाची पट्टी छान आली. सर्वांत मोठा आकडा मात्र शेजारच्या उतारावर पडला. पूर कोणत्या नदीला, हा प्रश्न असेल तर एवढा फरक फार मोठा आहे.

यामागचं कारण समजून घ्या. जाळं 3 किलोमीटरचं असलं तरी मॉडेलला नीट उमटवता येतात त्या गोष्टी त्याच्या सहा-सात पट मोठ्या, म्हणजे वीसेक किलोमीटरच्या. त्यामुळे नकाशात पणजी आणि म्हापशाचा पाऊस वेगळा रंगवलेला दिसला तरी त्या फरकावर काही ठरवू नका.

ढगांच्या बाबतीत जाळ्याप्रमाणे फिजिक्सचा संच, म्हणजे ढग-पाऊस वगैरे हिशेबात घ्यायच्या पद्धतींचा तयार गट निवडा. मोठ्या घरात एकेक गडगडाटी ढग मावत नाही, त्याचा परिणाम अंदाजाने घालावा लागतो. 3 किलोमीटरला तो बराचसा स्वतःच तयार होतो. मधल्या मापांना दोन्ही अर्धवट. 'कन्व्हेक्शन परमिटिंग' संचातली ग्रेल-फ्रायटास पद्धत घराचं माप पाहून आपला हात आखडता घेते, म्हणून दाट जाळ्याला तोच घ्या. नुसत्या मोठ्या घरांसाठीचा संच वापरला तर मे महिन्यातली वळवाची सर दुपारी बाराच्या सुमारासच पडून मोकळी होते. आपल्याकडे ती संध्याकाळी येते.

बसवणं आता सोपं झालं आहे. आवृत्ती 8 पासून इनपुट-आउटपुटची जड लायब्ररी वेगळी बांधावी लागत नाही. सुरुवातीची माहिती जीएफएस या अमेरिकेच्या जागतिक मॉडेलची चालते, पण ती उलगडायला वर्फसोबतचाच अनग्रिब हा प्रोग्राम लागतो, तेव्हा जुनं फोल्डर पुसू नका. निकाल षटकोनी घरांवरच येतात. नेहमीच्या नकाशासाठी आधी अक्षांश-रेखांशांवर उतरवून घ्या.

कुणी विचारलं तर माझे नकाशे मी दाखवते, इशारा मात्र हवामान खात्याचाच मानायला सांगते. त्यांच्या हाती रडार आहे, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली सहा किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टिम ही अंदाजप्रणालीही मे 2025 पासून आहे. एमपास घ्यावं ते हवा समजून घ्यायची ओढ असलेल्यांनी. यंत्र लहान असेल तर 120 किलोमीटरच्या एकसारख्या जाळ्याने सुरुवात करा. 40,962 घरं आहेत, चांगल्या लॅपटॉपवरही चालतं, आणि जूनमध्ये मान्सूनचा वारा आफ्रिकेकडून वळून आपल्याकडे येताना त्यातही स्पष्ट दिसतो.