एएसी ब्लॉकच्या घरात पंधरा महिने: भिंत गार, बीम गरम

परवडणाऱ्या घरांच्या आमच्या इमारतीत वीट नाही. भिंती २०० मिमी जाडीच्या एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, म्हणजे बारीक पोकळ्यांचं हलकं काँक्रीट) ब्लॉकच्या आणि गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा थर. ताबा मिळताना ‘नवं तंत्रज्ञान आहे, वीज कमी लागेल’ एवढंच कळलं होतं. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. पंधरा महिने आत एक आणि बाहेर सावलीत एक थर्मामीटर लावून नोंदी ठेवल्या, त्यावरून हे लिहितो आहे.

भिंतीवर मी खूश आहे. हा ब्लॉक बनवताना सिमेंट-चुना-राखेच्या ओल्या मिश्रणात थोडी ॲल्युमिनियमची पूड घालतात. तिच्यामुळे हायड्रोजन सुटतो, मिश्रण फुगतं आणि मग दाबाखालच्या वाफेत ते पक्कं होतं. १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये निघालेली ही पद्धत. त्या बारीक पोकळ्यांमुळे ब्लॉकची उष्णतावाहकता (आकडा जितका कमी, तितकी उष्णता कमी वाहते) ०.१६ वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आसपास राहते, विटांच्या भिंतीची साधारण ०.८ असते. आधीच्या घरात पश्चिमेची भिंत रात्री दहालाही हाताला गरम लागायची. इथे संध्याकाळी हात ठेवला तरी काही जाणवत नाही.

पण त्याच भिंतीच्या वर हात नेला की बीम लागतो, आणि तो तापलेला असतो. इमारतीचा सांगाडा काँक्रीटचा आहे. काँक्रीटमधून उष्णता ब्लॉकच्या दहापट सहज वाहते. म्हणजे कॉलम, बीम आणि खिडकीवरचे लिंटेल हे ऊन आत येण्याचे उघडे रस्तेच. माहितीपत्रकात आकडा फक्त ब्लॉकचा होता. राहायचं मात्र अख्ख्या घरात असतं, त्यामुळे चाचणीही अख्ख्या घराचीच व्हायला हवी, असं माझं ठाम मत झालं आहे.

गच्चीचा थर पहिल्या उन्हाळ्यात फार उपयोगी पडला. चांगला पांढरा थर नवा असताना ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परत फेकतो. मग धूळ बसली, वर शेवाळाचे डाग पडले आणि बाहेर तेवढंच ऊन असताना आतला आकडा दीड-दोन अंशांनी वर राहू लागला. गच्ची घासून धुतली आणि फरक पुन्हा दिसला. हे काम वर्षातून दोनदा करायचं असतं हे आम्हाला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

त्रासही झाला. पहिल्याच वर्षी बीम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे गिलाव्याला केसासारख्या भेगा पडल्या. दोन्ही वेगवेगळे आक्रसतात, म्हणून त्या सांध्यावर गिलाव्याआत जाळी लागते. आमच्याकडे काही खोल्यांत ती टाकलेलीच नाही. पावसात नेमक्या तिथूनच ओल आली, कारण हा ब्लॉक पाणी ओढून घेतो. बाहेरून भेगा भरून रंग दिल्यावर ती थांबली. खिळा ठोकू नका, तो धरत नाही. माझी पुस्तकांची फळी भिंतीचा तुकडा घेऊन खाली आली. आता सच्छिद्र ब्लॉकसाठी मिळणारे लांब नायलॉन प्लग वापरतो आणि ड्रिल हॅमर बंद ठेवून चालवतो. आवाजाचंही सांगतो: भिंत हलकी असल्याने शेजारच्या टीव्हीची घरघर विटांच्या घरापेक्षा जास्त ऐकू येते.

एक सवय मात्र बदलावी लागली. अशी भिंत बाहेरची उष्णता अडवते तशी आतलीही अडवते. रात्री खिडक्या बंद ठेवल्या तर माणसांची, दिव्यांची, शेगडीची ऊब सकाळपर्यंत आतच राहते. समोरासमोरच्या खिडक्या रात्री उघड्या आणि सकाळी नऊनंतर बंद, पडदा ओढलेला, हे सुरू केल्यापासून मे महिन्यातही दुपारी आत बाहेरपेक्षा पाच-सहा अंश कमी असतात. पंखा पुरतो.

घर घेताना ब्लॉकची जाडी जरूर विचारा. त्याआधी सांध्यांवर जाळी आहे का, पश्चिमेच्या खिडकीवर पुरेसा छज्जा आहे का आणि बीमला बाहेरून उष्णतारोधक थर दिला आहे का, हे विचारा. आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी मिळून पश्चिमेच्या बीमवर तसा थर लावून घेतला आहे. तिसरा थर्मामीटर मी आतून त्याच बीमला चिकटवला आहे. उन्हाळ्यातल्या नोंदी झाल्या की इथेच लिहीन.