काउंट बेसीचा डेक्का संच : आठ महिने ऐकल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात अमेरिकन जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या वाद्यवृंदाचा तीन सीडींचा संच मी जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एकाकडून घेतला. डेक्का कंपनीसाठी १९३७ ते १९३९ या काळात ध्वनिमुद्रित झालेल्या साठहून जास्त बाजू त्यात आहेत (जुन्या तबकडीची एक बाजू म्हणजे बहुधा एक रचना). १९९२ साली त्या एकत्र करून काढल्या गेल्या. पहिल्याच आठवड्यात मी यावर लिहायला बसले होते. लिहिले नाही ते बरे झाले. तेव्हा सगळे ट्रम्पेटबद्दल लिहिले असते. आज मला गिटारबद्दल लिहायचे आहे, आणि ती गिटार पहिले दोन महिने मला ऐकूच आली नव्हती.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण ती कळल्यावर माझे ऐकणे बदलले. बेसी न्यू जर्सीतल्या रेड बँक या गावचा. फिरत्या करमणुकीच्या कंपनीबरोबर पियानो वाजवत तो कॅन्सस सिटीला पोहोचला, कंपनी तिथेच मोडली आणि हा तिथेच राहिला. पुढे तो बेनी मोटेनच्या वाद्यवृंदात गेला. १९३५ मध्ये मोटेन अचानक वारला, आणि त्यातली काही माणसे घेऊन बेसीने रेनो क्लबमध्ये आपला ताफा उभा केला. क्लब छोटा, पगार तुटपुंजा. पण तिथले वादन रात्री रेडिओवरून प्रसारित व्हायचे. ते शिकागोत आपल्या मोटारीतल्या रेडिओवर रेकॉर्ड कंपनीसाठी नवे वादक शोधणाऱ्या जॉन हॅमंड याने ऐकले आणि तो कॅन्सस सिटीला येऊन थडकला. पण हॅमंड आपल्या कंपनीचा करार घेऊन येण्याआधीच डेक्काने बेसीची सही घेतली होती. अटी अशा : तीन वर्षे, वर्षाला २४ बाजू, त्याचे वर्षाला ७५० डॉलर, आणि विक्रीतला हिस्सा शून्य. ‘वन ओ’क्लॉक जंप’ ही त्याची ओळख ठरलेली रचना याच करारात मुद्रित झाली. हे वाचल्यापासून ती तबकडी लावताना मला दर वेळी तो आकडा आठवतो आणि राग येतो.

तरी ती लावतेच, कारण या संचाचे दार तेच आहे. ७ जुलै १९३७ चे हे मुद्रण. बारा बारचा ब्लूज, एका बारला चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. आपल्याकडच्या श्रोत्याला हे समजायला काहीच अवघड नाही. विलंबित एकतालाची सम धरून बसणाऱ्या कानाला हे आवर्तन दोन वेळा ऐकले की सापडते. आधी बेसीचा पियानो. मग पट्टी बदलते आणि हर्शेल एव्हान्सचा टेनर सॅक्सोफोन येतो, त्यामागून जॉर्ज हंटचा ट्रॉम्बोन, मग लेस्टर यंगचा टेनर, मग बक क्लेटनचा ट्रम्पेट. पुढे एकेकट्याचे वाजवणे संपते. सॅक्सोफोनांचा गट एक छोटा बोल धरतो, ट्रॉम्बोन दुसरा, ट्रम्पेट तिसरा, आणि तिन्ही बोल एकमेकांच्या फटीत चपखल बसतात. हे कागदावर लिहून आणलेले नव्हते. रात्र रात्र वाजवताना कोणीतरी एक बोल काढायचा, शेजारचा तो उचलायचा, तिसरा त्याला जोड द्यायचा. जॅझवाले याला ‘हेड अरेंजमेंट’ म्हणतात, डोक्यात बसवलेली रचना. पहिला महिनाभर मी या शेवटच्या आवर्तनांसाठीच ही बाजू लावत होते. सकाळी डबे भरताना रोज, कधी दोनदा.

सगळे तीन मिनिटांत संपते. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर जास्त मावतच नसे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमऱ्या आपण याच मापात ऐकल्या आहेत. मैफलीत तासभर चालणारी गोष्ट तबकडीवर येताना कशी घट्ट होते, हे आपल्याला माहीत आहे. इथेही लेस्टर यंगला एखाद्या बाजूत जेमतेम अर्धे मिनिट मिळते. त्या अर्ध्या मिनिटात एकही सूर भरीचा नसतो. ‘एव्हरी टब’ची सुरुवात ऐका : वाद्यवृंद एकेक ठोका देऊन थांबतो आणि मधल्या मोकळ्या जागेत लेस्टर बोलत सुटतो. मोठी मुद्रणे मलाही आवडतात, पण आठ महिन्यांत एकही बाजू कंटाळा येऊन मध्येच बंद केली नाही, याला हे माप कारण आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात मी या दोन टेनरवाल्यांत अडकले. एव्हान्सचा सूर जाड, उबदार, थरथरता. लेस्टरचा हलका, सरळ, जवळजवळ कंप नसलेला. ठेक्याच्या किंचित मागे रेलून चालणारा. बेसी दोघांना मुद्दाम आमनेसामने ठेवायचा. ‘ब्लू अँड सेंटिमेंटल’ ही एव्हान्सची बाजू. संथ, आणि त्याने टेनरवर जे सांगितले आहे ते ऐकताना मी हातातले काम ठेवते. शेवटी त्यातच लेस्टर क्लॅरिनेट घेऊन येतो, धातूची, बारीक आवाजाची, आणि तेवढ्यात सगळ्या बाजूचा रंग बदलतो. उलट ‘जंपिन ॲट द वुडसाइड’मध्ये शेवटी क्लॅरिनेट एव्हान्सच्या हातात आहे. कोण कुठे आहे हे नाव न वाचता ओळखता येऊ लागले, तेव्हा मला वाटले की संच आता कळला. तसे नव्हते.

माझी आई भजनी मंडळात पेटी वाजवते. ऑक्टोबरात ती आमच्याकडे राहायला आली होती. एका संध्याकाळी मी तिसरी सीडी लावली होती. तिच्यात काही बाजू अशा आहेत की बेसीचा पियानो आणि तालाची तीन माणसे एवढेच वाजवतात, बाकी वाद्यवृंद नाहीच. आई भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, “हा पेटीवाला फार थोडं वाजवतो गं. दोन सूर देतो नि थांबतो.” मी म्हटले, तोच तर वाद्यवृंदाचा मालक. ती म्हणाली, “मग बरोबर आहे. त्याला टाळकरी चांगला मिळालाय, म्हणून थांबता येतं.” मी विचारले, टाळ कुठे आहे यात? तिने हातातली शेंग ताटलीवर हळू हळू आपटून दाखवली. चार, चार, चार, चार. “हे काय, सारखं चाललंय की.”

ती फ्रेडी ग्रीनची गिटार होती. विजेची जोड नसलेली, दर मात्रेवर एक आघात, एकसारखा, एकही सूर पुढे न काढता. भजनात वीस टाळांतला एक कोणता ते सांगता येत नाही, पण टाळ थांबले तर भजन बसते. तसेच हे. एकदा ऐकू आल्यावर मी संच पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि तो दुसराच संच निघाला. वॉल्टर पेजचा डबल बास प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकत चढतो-उतरतो. जो जोन्सने ठेका पायाच्या ढोलावरून उचलून हाय-हॅटच्या जोडझांजांवर नेला आहे, त्यामुळे तो धपधप न करता सरसरत पुढे जातो. गिटार या दोघांना शिवून घेते. आणि या तिघांवर विसंबून बेसी दोन सूर देऊन थांबतो. तो थांबतो ती जागा रिकामी वाटत नाही, कारण ती चालू असते. जॅझच्या या झुलत्या चालीला स्विंग म्हणतात. स्विंग म्हणजे काय याच्या व्याख्या मी पुष्कळ वाचल्या होत्या. मला तो त्या शेंगेच्या आवाजात कळला.

संचात याचा पुरावाही आहे, आणि तो मांडणीतच दडलेला आहे. बाजू तारखेच्या क्रमाने लावल्या आहेत. जानेवारी १९३७ च्या पहिल्या बैठकीतल्या चार बाजूंत फ्रेडी ग्रीन नाही. गिटारवर क्लॉड विल्यम्स आहे, जो व्हायोलिनही वाजवायचा आणि चांगला वाजवायचा. ग्रीन आला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. चौथ्या बाजूवरून पाचव्या बाजूवर जा. माझ्या कानाला तरी तिथे जमीन सपाट झाल्यासारखी वाटते. जानेवारीतला ताफा जोरात आहे, पण जरा धडपडतो. मार्चपासून तो चालायला लागतो. म्हणून हा संच कुणी घेतला तर उलटसुलट करून ऐकू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे.

आवाजाबद्दल स्पष्ट सांगते. हे नव्वद वर्षांपूर्वीचे मुद्रण आहे. खरखर आहे, काही बाजूंत बरीच. खालचा बास गुबगुबीत नाही. पण मोबाइलवर मी यातल्या काही बाजूंच्या खरखर काढून स्वच्छ केलेल्या प्रती ऐकल्या, आणि त्यांच्यापेक्षा हा संच कितीतरी पटींनी चांगला. खरखर आणि झांजांचा आवाज ध्वनीच्या एकाच वरच्या पट्ट्यात असतो. एक पुसायला गेले की दुसरा जातो, आणि जो जोन्सची झांज गेली की उरते ते काय? हे मोनो मुद्रण आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येतो, तेव्हा हेडफोनपेक्षा स्पीकर बरा. शक्य असेल तर एकच. मी उजवा स्पीकर बंद करून ऐकते. आवाज फार मोठा ठेवत नाही. गिटार मध्यम आवाजातच चांगली लागते, मोठ्या आवाजात ट्रम्पेट तिला गिळतात.

तिसऱ्या सीडीवर ओरखडा निघाला. विकणाऱ्याला विचारले तर “घेताना बघून घ्यायचं होतं” म्हणून त्याने हात झटकले. ती एक सीडी पुन्हा वेगळी मिळवावी लागली, त्यात सात आठवडे गेले. जुना संच घेताना तिन्ही सीडी प्रकाशाखाली धरून पाहा.

सगळ्याच बाजू सारख्या मोलाच्या नाहीत. कंपनीला त्या वेळची चालती गाणी हवी असत, ती काही ठिकाणी ताफ्याच्या गळ्यात पडलेली दिसतात. अशा पाच-सहा बाजू मी आता ओलांडते. ताफ्याचा गायक जिमी रशिंग याच्या बाजू मात्र कधीच नाही. ‘गुड मॉर्निंग ब्लूज’मध्ये तो भरदार, मोकळ्या गळ्याने गातो आणि मागून वाद्ये त्याला उत्तर देतात, ते संवादिनीच्या साथीसारखे अगदी गळ्याला लागून. एक गोष्ट मनाला लागते : १९३७ मध्ये बिली हॉलिडे या ताफ्याबरोबर गात होती, पण तिचा करार दुसऱ्या कंपनीशी असल्याने डेक्काच्या स्टुडिओत ती उभी राहू शकली नाही. रेडिओवरून टिपलेल्या मोजक्या बाजू तेवढ्या उरल्या. कराराच्या कागदामुळे कायमचे हरवलेले संगीत, दुसरे काय म्हणणार.

हे संगीत नाचण्यासाठी होते, हे मला उशिरा उमगले. १६ जानेवारी १९३८ च्या रात्री हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये बेसी आणि चिक वेब यांच्या ताफ्यांचा सामना झाला, समोर नाचणाऱ्यांची गर्दी. त्याच संध्याकाळी बेसी, लेस्टर, क्लेटन, पेज आणि ग्रीन हे कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणून वाजवून आले होते. एका रात्रीत बसलेले श्रोते आणि नाचणारे श्रोते, दोन्ही. मी नाचत नाही, पण सकाळी चालायला जाताना ‘डॉगिन अराउंड’ लावते तेव्हा पावले आपोआप जुळतात आणि दमायला होत नाही. लय वाढत नाही, पडत नाही.

आपल्याकडेही ही लाट तेव्हाच आली होती. तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी आणि नंतर टेडी वेदरफर्ड या अमेरिकन जॅझवादकांनी वाजवले, आणि गोव्याचे वादक त्यांच्या शेजारी बसून शिकले. त्या पिढीतला हळदोण्याचा आंतोनियु शाव्हियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला. आईला ती जुनी गाणी तोंडपाठ आहेत. तिला हा संच परका का वाटला नाही, याचे एक कारण तेही असावे.

शेवटच्या बाजू फेब्रुवारी १९३९ च्या. ‘चेरोकी’ तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरलेली आहे. तिथे हर्शेल एव्हान्स नाही. तो आजारी होता, त्याच्या जागी चू बेरी वाजवतो, आणि त्याच आठवड्यात एव्हान्स गेला. बेरी उत्तम वादक आहे, तरी त्या दोन बाजूंत मी एव्हान्सलाच शोधत राहते.

गेल्या महिन्यात मी बेसीचेच १९५७ सालचे मुद्रण मिळवले. अठरा-एकोणीस वर्षांनंतरचे. लेस्टर नाही, क्लेटन नाही, पेज नाही, जोन्स नाही. आवाज भरगच्च, रचना कागदावर लिहिलेल्या, ताफा दुप्पट ताकदीचा. आई पुन्हा आली होती. पहिली रचना संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग पदराला हात पुसत तिने विचारले, “टाळकरी तोच का गं?”

तोच. १९८४ मध्ये बेसी गेला, त्यानंतरही १९८७ मध्ये स्वतः जाईपर्यंत तो त्याच ताफ्यात गिटार धरून बसला होता.