विश्रामबागचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान: आधी मोजतात, मग उघडतात

सांगलीत लॅपटॉप दुरुस्त करणारे कमी नाहीत. तरी कुणी विचारलं की मी विश्रामबागच्या या पहिल्या मजल्यावरच्या छोट्या दुकानाकडेच पाठवते. इथं स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी मशीन किती तापतंय ते मोजतात आणि काम झाल्यावर तुमच्यासमोर पुन्हा मोजून दाखवतात. त्यामुळे पैसे कशाचे दिले ते आपल्याला कळतं.

मी मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे हिशेब बघते, जीएसटीचे रिटर्न भरते. हळदीचा हंगाम आणि मार्चअखेर एकाच वेळी अंगावर येतात, हे यार्डातल्या माणसाला सांगायला नको. पेढीच्या दारात सौदे चाललेले, पोती ओतली जातायत, हमालांची ये-जा, आणि हवेत सगळीकडे हळद. संध्याकाळी रुमाल पिवळा निघतो. लॅपटॉपचा फॅनही दिवसभर तीच हवा आत ओढत असतो.

यंदा टॅली आणि एक्सेलची मोठी शीट एकत्र उघडली की फॅन जो सुरू व्हायचा तो थांबायचाच नाही. कीबोर्डच्या वरच्या पट्टीला बोट लावलं की चटका बसायचा. त्याहून वाईट म्हणजे मशीन मंद व्हायचं. टॅलीतली खातेवही (लेजर) उघडायला सांगावी आणि बघत बसावं. एका दुकानात दाखवला तर त्यांनी न उघडताच 'मदरबोर्ड जातोय, नवीन घ्या' म्हणून सांगितलं. यार्डातल्या एका हिशेबनिसांनी मला इथं पाठवलं.

दुकानातल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला तो असा: "ताई, आवाज वाऱ्याचा येतोय का घासल्याचा?"

हा प्रश्न तुम्हीही घरी स्वतःला विचारून बघा. फॅन जोरात फिरून नुसता वाऱ्यासारखा सूं-सूं आवाज येत असेल तर बहुतेक वेळा फॅन धड असतो, उष्णता बाहेर पडत नाही म्हणून तो पळत असतो. खरखर, घरघर किंवा टकटक येत असेल तर बेअरिंग गेलेलं असतं किंवा पातं कुठंतरी घासत असतं, आणि तिथं कितीही साफसफाई करा, शेवटी फॅन बदलावाच लागतो. माझा वाऱ्याचा होता. ज्यांनी मला पाठवलं त्यांचा घासल्याचा होता. त्यांना फॅन पुण्याहून मागवून दिला आणि जुना काढलेला त्यांच्या हातात ठेवला. जुना भाग परत देणारं दुकान मला नेहमीच बरं वाटतं.

मग मोजणी. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते लावलं. काहीही न उघडता मशीन नुसतं ठेवलं तरी प्रोसेसर ७० अंशांच्या आसपास. मुद्दाम ताण दिल्यावर बघता बघता १००. माझ्या मशीनमध्ये अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह, ११३५जी७ आहे, आणि त्याची मर्यादाच १०० अंशांची. तिथं पोचला की प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो, याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. एरवी ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा वेग माझ्या डोळ्यांदेखत कोसळला. मशीन मंद का होतंय याचं उत्तर तिथंच मिळालं. मदरबोर्डाला काही झालेलं नव्हतं.

तरीही त्याने लगेच उघडायला घेतलं नाही. आधी टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्राम विनाकारण प्रोसेसर खातोय ते बघितलं. मशीनबरोबर आलेलं चाचणीचं अँटीव्हायरस आणि पेढीने विकत घेतलेलं अँटीव्हायरस, दोन्ही एकाच वेळी फाइली तपासत बसली होती. एक काढलं, तेवढ्यानेच तापमान थोडं उतरलं. 'हे नुसतं साफ करून भागलं नसतं' असं तो म्हणाला, ते मला पटलं. तापण्याला कारण एकच असतं असं नाही.

उघडताना मी समोरच बसले होते, त्याची काही हरकत नव्हती. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढलं. बॅटरी फुगलीय का तेही बघितलं, कारण सतत उष्णतेत राहून ती फुगते आणि खालून टचपॅडला ढकलायला लागते. स्क्रू निघतील तसे कागदावर त्यांच्या जागेनुसार मांडले. त्यांची लांबी वेगवेगळी असते, आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर वरचं कव्हर फुटतं किंवा बोर्डाला इजा होते.

फॅन बाजूला केल्यावर खरा प्रकार दिसला. तांब्याच्या नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी असते, गरम हवा तिच्यातून बाहेर जाते. त्या जाळीच्या आतल्या तोंडावर, चहाच्या गाळणीत चोथा बसावा तसा पिवळट तपकिरी थर घट्ट बसला होता. वारा जायला जागाच नव्हती. बाहेरून ब्लोअर मारून तो का निघत नाही, हे तेव्हा मला कळलं. थर फॅन आणि जाळीच्या मधोमध असतो, हवा मारली की थोडा हलतो आणि परत तिथंच चिकटतो. शिवाय ब्लोअरच्या झोताने फॅन भलत्याच वेगाने फिरला तर बेअरिंग बिघडतं. हा मुलगा पात्यात काडी अडकवून, फॅन फिरू न देता साफ करत होता.

प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून तिचे पापुद्रे सुटले होते. प्रोसेसर आणि वरचा तांब्याचा तुकडा यांच्यामध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या फटी राहतात, त्या भरायला ही पेस्ट असते. फटीत हवा राहिली की उष्णता वर चढत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पुसली, नवीन लावली, आणि हीटसिंकचे, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या त्या तांब्याच्या भागाचे, स्क्रू त्यावर छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळले. शेजारच्या चिपवरचा थर्मल पॅड, म्हणजे पेस्टसारखंच काम करणारी मऊ पट्टी, फाटला होता, तो बदलताना जुन्याची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचा घेतला. पॅड जाड झाला तर हीटसिंक प्रोसेसरवर नीट टेकत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

पुन्हा मोजलं. नुसतं ठेवल्यावर ४८, ताणाखाली ८३ वर येऊन तिथंच थांबलं, वेग पडला नाही. 'एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश असताना हा आकडा वर जाणार, फॅनही जास्त ऐकू येणार, तेव्हा बिघडलं म्हणून येऊ नका' हेही त्याने सांगून टाकलं. त्याचं खरं आहे. खोलीची हवाच तापलेली असेल तर फॅन तीच हवा फिरवणार.

मी कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड, मागितला तर त्याने विकला नाही. मागची बाजू बोटभर उचलून ठेवा आणि गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, खालून हवा आत जाते, एवढंच सांगितलं. पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे प्रोसेसरने गरजेला वेग वाढवणं, बंद होतो, मशीन थंड आणि शांत चालतं, तेही दाखवलं. सगळ्या मशीनवर ही सेटिंग दिसत नाही. टॅलीला तेवढा वेग भरपूर होतो, एक्सेलच्या मोठ्या शीटला मात्र फरक जाणवतो, तेव्हा मी परत १०० करते.

साफसफाई, पेस्ट आणि पॅड मिळून ७०० रुपये घेतले. माझ्या मते वाजवी.

आता उणं. जिना अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती मशीन पाठवावं. खाली गाडी लावायला जागा नाही. काम चालू असताना फोन सारखे वाजतात आणि तो एकटाच असल्यामुळे वेळ लागतो. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, हे मला अजिबात आवडलं नाही आणि तसं त्याला सांगितलंही. मागितल्यावर जीएसटीचं पक्कं बिल दिलं.

वर्षातून एकदा साफ करा असं तो म्हणतो. यार्डात बसणाऱ्यांनी ते हळदीचा हंगाम संपल्यावर, पाऊस सुरू व्हायच्या आत उरकावं असं मी म्हणेन, पावसाळी दमट हवेत ही भुकटी आणखी चिकटून बसते. मार्चअखेरीला जाऊ नका, तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसते. आणि आवाज घासल्याचा असेल तर जायच्या आधी लॅपटॉपच्या तळावरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर फोनवर कळवा, म्हणजे फॅन येईपर्यंत मशीन तुमच्याकडेच राहील.