पडदा लायटिंग, साडेपाच महिन्यांनंतर: रोज सात वेळा बटण दाबायची तयारी असेल तरच घ्या

आधीच सांगतो, हे मी रागात लिहायला घेतलं होतं. ९ जानेवारी, संध्याकाळचे सात, बाहेर साताऱ्याची हाडं गोठवणारी थंडी, आणि आमच्या हॉलची खिडकी लग्नाच्या मांडवासारखी लुकलुकतेय आणि काही केल्या थांबत नाहीये. त्या दिवशी अर्धं लिहून ठेवलं, ते तसंच राहिलं. आता मार्च आलाय, मधे बरंच रामायण झालं, माझं मतही थोडं फिरलं. पण तेव्हाचं खोडत नाही, कारण तेव्हाचा राग खरा होता.

वस्तू कुठली ते सगळ्यांना माहितीये. खिडकीवर पडद्यासारखी सोडायची लायटिंग, तीन बाय तीन मीटर, दहा लडी, ३०० दिवे, वॉर्म व्हाईट, ऑनलाईन ५४९ ला पडली. सप्टेंबरच्या शेवटी घेतली.

घ्यायचं कारण म्हणजे बायकोच्या मोबाईलवर तेव्हा सगळं ऑटम ऑटम चालू होतं. केशरी पानं, मेणबत्त्या, भोपळे, जाड चादर पांघरून कॉफी पिणाऱ्या बाया. म्हणाली आपला पण हॉल तसा करू, थंडी येईल तशी बसायला ऊबदार जागा पाहिजे. मी म्हणलं अगं आपल्याकडं भोपळ्याचे घारगे करतात, भोपळा सोफ्याशेजारी कोण ठेवतं. पण चार महिने पावसाने भिंतीला ओल धरलेली, कपड्यांना कुबट वास, खोली अगदी उदास झाली होती हे खरं, म्हणून गप्प बसलो.

तर पहिल्या खेपेला काय काय आलं, तर ही लायटिंग, प्लास्टिकच्या मेपल पानांच्या दोन माळा आणि एक वॉर्म बल्ब. पानांचं आधी संपवतो. दोन माळा २४० रुपये, पाण्यात. एक तर आपल्याकडे आश्विनात पानं गळतच नाहीत, ती गळणार शिशिरात, जानेवारी फेब्रुवारीत, आत्ता आमच्या दारातल्या बदामाची खाली पडतायत तशी लालभडक, फुकट. सप्टेंबर ऑक्टोबरात सातारा उलट हिरवागार असतो, कासच्या रस्त्याला निघालात तर सोनकीने डोंगर पिवळे झालेले दिसतात, आणि दसऱ्याला मोती चौकात झेंडूचे ढीग. आमचा ऑटम पिवळा असतो हे मी बायकोला त्याच दिवशी सांगितलं होतं. माळांवर धूळ बसली, पुसायला गेलं की पानं निघून हातात यायची, दिवाळीच्या साफसफाईत आईने कचऱ्यात टाकल्या आणि कुणीच विचारलं नाही की गेल्या कुठं.

बल्ब मात्र चांगला निघाला. नऊ वॅटचा, २७०० केल्विनचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा, मेणबत्ती साधारण १९००, जुना काचेचा तारेचा बल्ब २७००, आणि आपण घरोघर जी पांढरीफटक ट्यूब लावतो ती ६५००. म्हणजे आपण आयुष्यभर दवाखान्याच्या उजेडात बसून चहा पितो आणि मग म्हणतो घरात करमत नाही. एक बल्ब बदलला तर खोली वेगळी वाटायला लागली, खरं सांगतो. फक्त त्या उजेडात तांदूळ निवडता येत नाहीत आणि ब्लाऊजचं मॅचिंग बघता येत नाही, हे दोन्ही आमच्याकडे अनुभवाने सिद्ध झालंय.

आता मुद्द्यावर येतो. त्या लायटिंगला एक छोटा पारदर्शक डबा असतो, त्याला एक बटण. आठ मोड. लाटा, एकामागून एक, हळू मंद, ट्विंकल वगैरे. यातला माणसाच्या कामाचा मोड एकच, गप्प उभं राहून उजेड देणारा, आणि तो कितवा? आठवा! लाईट चालू केली की ती पहिल्या मोडवर उठते, म्हणजे सगळे मोड मिसळून नुसता धुमाकूळ. मग सात वेळा बटण दाबायचं. टक टक टक टक टक टक टक. घाईत आठवं दाबलं गेलं की पुन्हा पहिल्यावर, पुन्हा सात. आणि ह्या डब्याला काहीही लक्षात राहत नाही. काल रात्री आपण कुठल्या मोडवर बंद केलं, त्याच्या लेखी काल रात्र झालीच नाही. लाईट दोन मिनिटं जाऊन आली, पुन्हा डिस्को. आमची आई झोपताना घरातले सगळे स्विच बंद करते, फ्रीज सोडून, त्यामुळे आमच्याकडे रोज संध्याकाळ डिस्कोनेच सुरू व्हायची.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात. करून बघा. ऊबदार घर म्हणजे दमून आलेल्या माणसाने बूट काढले, एक बटण दाबलं आणि बसला, असं पाहिजे. इथं मी खिडकीपाशी वाकून मोजत उभा, मधेच पोरगी विचारणार बाबा चॉकलेट कुठंय, की मोजणी चुकली. दिवाळीचे चार दिवस लुकलुकलं तर चालतं, शोभतं पण, बाहेर आकाशकंदील, आत हे. पण तुळशीचं लग्न झाल्यावरही घर लुकलुकत असेल तर शेजारी विचारतात काय कार्यक्रम आहे का.

बरं, मोड आठ द्या, ऐंशी द्या, पण चालू होताना साधा उजेड पहिला ठेवायला ह्यांचं काय जातं? किंवा मेमरी द्यायला? मेमरीवाले डबे येतात, हे मला नंतर कळलं, थोडे महाग असतात. म्हणजे कुणीतरी बसून ठरवलंय की थोडे पैसे वाचवू आणि गिऱ्हाईकाला रोज सातदा वाकवू.

हिशोब केला मी. सप्टेंबरच्या शेवटापासून ९ जानेवारीपर्यंत शंभरच्या वर दिवस, रोज सात, म्हणजे सातशेच्या वर वेळा ते बटण दाबलं. आणि ९ जानेवारीला ते आत गेलं ते वर आलंच नाही. अडकलं कुठं, तर लाटांच्या मोडवर.

मग कस्टमर केअर. बॉक्सवर सहा महिन्यांची वॉरंटी ढळढळीत लिहिलेली, म्हणून मी निवांत होतो. पहिलं उत्तर, व्हिडिओ पाठवा. चाळीस सेकंदांचा पाठवला. उत्तर आलं, सर व्हिडिओत प्रॉडक्ट चालू दिसतंय. मी लिहिलं चालू आहे हीच तक्रार आहे, थांबत नाहीये. उत्तर, मल्टिमोड हे प्रॉडक्टचं फीचर आहे. मी तीनदा वाचलं ते. मग लिहिलं बटण अडकलंय, तर म्हणे बटण म्हणजे फिजिकल डॅमेज, ते वॉरंटीत बसत नाही, वॉरंटी फक्त ॲडाप्टरची. अरे मग बॉक्सवर मोठ्या अक्षरात काय छापलंय, ॲडाप्टरचा फोटो का? अकरा मेल झाले, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि प्रत्येकाला आपल्या गैरसोयीबद्दल खेद. महिनाभर भिजत घोंगडं. शेवटी ५० रुपयांचं कूपन आलं, ४९९ च्या पुढच्या खरेदीवर. मी ते वापरलं नाही, वापरणारही नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.

(९ जानेवारीचं आणि नंतर रागात जोडलेलं लिखाण इथं संपलं. तेव्हा एक स्टार द्यायचं ठरलं होतं. आता पुढचं.)

घोंगड्यावरून आठवलं, भिजत नसलेल्या. लायटिंग बंद पडल्यावर बायको म्हणाली तुमच्या त्या उजेडाचं जाऊ द्या, पायाला गार लागतंय त्याचं बघा. म्हसवडकडचा एक ओळखीचा आहे, त्याच्याकडून माणदेशी घोंगडं आणलं, काळं, मेंढीच्या लोकरीचा मूळचा रंग, सतराशे रुपये. बायकोने सोफ्यावर टाकलं. आई म्हणाली घोंगडं सोफ्यावर? पाव्हणे आले तर म्हणतील मेंढरं कुठं बांधलीत. पहिला आठवडा टोचलं, बरंच टोचलं, नवीन घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते त्यामुळे कडकही असतं, दोन दिवस उन्हात टाकून झटकलं आणि वरून आईचीच जुनी सुती साडी दुहेरी करून अंथरली, झालं काम. आठव्या दिवशी आई दुपारची त्यावरच झोपलेली. पाव्हण्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. एकच, ओलं होऊ देऊ नका, मेंढीचा वास येतो, आणि मशीनमध्ये तर अजिबात घालू नका. बाकी ह्याला बटण नाही, मोड नाही, वॉरंटी नाही. पाचपैकी पाच.

तर लायटिंग. फेब्रुवारीत एका शनिवारी ती काढून पिशवीत भरली आणि राजवाड्याच्या बाजूला एक रिपेअरवाले काका बसतात, मिक्सर-इस्त्री करतात, त्यांच्याकडे नेली. म्हणलं काका हा डबा काढून टाका, मला मोडच नको, सरळ उजेड द्या. काका म्हणाले डायरेक्ट करतो, पण अर्धीच लागंल. मला वाटलं काका टाळतायत. त्यांनी डबा कापला, ॲडाप्टरच्या दोन तारा लायटिंगला चिकटवल्या आणि खरंच, एक सोडून एक दिवे लागले. दीडशे चालू, दीडशे बंद.

मग त्यांनी समजावलं. दिवे आत दोन गटांत असतात, एक गट सुलटा, एक उलटा, आणि तारा दोनच. एलईडीत करंट एकाच बाजूने जातो. डबा काय करतो, प्लस मायनस इतक्या भरभर उलटसुलट करतो की आपल्याला दोन्ही गट एकदम लागल्यासारखे दिसतात. डबा काढला की करंट एकाच दिशेने, मग एकच गट लागणार. आणि तेवढ्या दिव्यांवर सगळा लोड येऊ नये म्हणून एक रेझिस्टर टाकून दिला. ज्या कंपनीच्या अकरा मेलमधून मला काही कळलं नाही ते काकांनी चहा पिता पिता सांगितलं, ४० रुपयांत, चहा त्यांचाच. (घरी स्वतः कापाकापी करू नका. आमची ॲडाप्टरवर ३१ व्होल्टने चालणारी आहे म्हणून निभावलं, थेट प्लगमध्ये जाणाऱ्या माळेला हात घातलात तर २३० चा झटका आहे.)

घरी आणून लावली, स्विच दाबला आणि लागली. नुसती लागली, गप्प! पाचेक मिनिटं आम्ही नुसते बघत बसलो. आणि खरी गंमत पुढं आहे, अर्धे दिवे बंद असल्यामुळे ती आधीपेक्षा चांगली दिसायला लागली. ३०० दिवे एकदम म्हणजे खिडकीतून कुणीतरी पीठ चाळतंय असं वाटायचं, डोळ्यावर यायचं. दीडशेत मधे अंधार सुटतो, दिवा दिवा वेगळा दिसतो, कोजागिरीला गच्चीवरून समोरच्या डोंगराखालच्या वस्तीचे दिवे दिसतात ना लांबून, तसं काहीतरी. बायकोचं म्हणणं आहे की १५० रुपयांचा मेमरीवाला डबा आणा आणि पूर्ण लावा. मी आणत नाहीये. अर्ध्यात भागतंय तर पूर्ण कशाला.

वीज वाचते का असं कुणी विचारायच्या आत सांगतो, आधी पूर्ण चालायची तेव्हा सहा वॅट, रोज पाच तास धरले तर महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही. आमची २० वॅटची ट्यूब तेवढ्याच वेळात तीन युनिट खाते. म्हणजे महिन्याला दोन युनिट वाचायला पाहिजेत. वाचत नाहीत, कारण तिन्हीसांजेला आई ट्यूब लावतेच. दिवेलागणीला अंधार करून बसू नये, लक्ष्मी दारातून माघारी जाते. मी म्हणलं आई हा अंधार नाही, वॉर्म व्हाईट आहे. म्हणाली असंल, पण लक्ष्मीला दिसाय नको का? मग तह झालाय, सात ते आठ ट्यूब, आईची मालिका आणि देवापुढचा दिवा, आठनंतर लायटिंग.

स्टारचं म्हणाल तर वस्तूला तीन, डब्याला शून्य, सर्व्हिसला विचारूच नका, आणि काकांना द्यायला इथं जागा नाही. घेणार असाल तर बॉक्सवर मेमरी लिहिलंय का तेवढं बघा. वॉर्म व्हाईट, दिव्यांची संख्या, वॉटरप्रूफ, ह्यातलं काही नाही बघितलं तरी चालेल.

आणि एक राहिलंच. निघताना काका म्हणाले, ही पिन उलटी करून लावली की दुसरे दीडशे लागतील, ह्यांना आराम. त्यांनी मधे तशी दोन पिनांची जोडणीच करून दिलीये, कुठल्याही बाजूने बसते. १ मार्चला मी पिन फिरवली. आता ज्या दिव्यांवर महिनाभर उजेड नव्हता ते लागले, आणि जे लागत होते ते सुट्टीवर. बायको म्हणते काहीच फरक दिसत नाही. पोरीला दिसला, तिच्या उशीवर पडणारा ठिपका एक वीतभर सरकलाय. १ एप्रिलला परत फिरवणार आहे, कॅलेंडरवर खूण करून ठेवलीये, गॅसच्या तारखेशेजारी.