जुन्या थारचे फ्रंट बुश: दुसऱ्यांदा बदलले, त्याला आता नऊ महिने झाले

गाडी 2013 ची, सीआरडीई फोर बाय फोर. आजचं रीडिंग 1,87,400. पुढची चाकं चेसिसला धरून ठेवणारे जे लोखंडी आर्म, त्यांच्या सांध्यांतले आठही रबरी बुश मी दीड वर्षाच्या आत दोनदा बदलले. पहिला सेट सात महिन्यांत फाटला. दुसऱ्याला नऊ महिने झाले आणि परवा पाबे घाटातून वेल्ह्याला जाऊन आलो तरी पुढून कसलाही आवाज नाही. दोन्ही सेट नाना पेठेतल्या एकाच दुकानातले, एकाच बनावटीचे.

1,71,000 च्या सुमाराला स्पीडब्रेकर उतरताना डाव्या बाजूने 'टक' असा आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची, आणि डावा टायर आतल्या कडेने खाल्ला गेला होता. एका मेकॅनिकने लिंक रॉड बदलायला लावले, दुसरा शॉकअप गेलेत म्हणाला. लिंक रॉड बदलून आवाज तसाच. शेवटी भावाला गाडीत बसवलं आणि पार्किंगमध्येच दोन-दोन हात पुढे-मागे घेऊन ब्रेक मारायला लावला. मी बाजूला बसून टॉर्च धरला. प्रत्येक ब्रेकला लोअर (खालचा) आर्म ब्रॅकेटमध्ये सरकताना स्पष्ट दिसत होता. ज्याला शंका असेल त्याने पैसे घालवण्याआधी ही तपासणी करावी, फुकट आहे. रबरावर नुसत्या बारीक भेगा दिसल्या म्हणून बुश गेला असं होत नाही, आर्म हलतोय का ते बघायचं. आणि पावणेदोन लाखाला, तेही ताम्हिणी-मढे घाटाकडच्या रस्त्यांवर, बुश जाणारच. गाडी बनवणाऱ्याला मी त्यात काही बोल लावत नाही.

पहिलं काम बायपासजवळच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये केलं. सुटे बुश मिळतच नाहीत, पूर्ण आर्म घ्यावे लागतील, असं त्यांनी सांगितलं. चार आर्मचा अंदाज चोवीस हजारांच्या वर. आर्मचं लोखंड ठणठणीत असताना ते भंगारात का टाकायचं, हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी नाना पेठेत गेलो, आठ बुश 3,100 रुपयांत मिळाले. वर्कशॉपने ते बसवले, पण 'पार्ट ग्राहकाचा, गॅरंटी नाही' अशी ओळ बिलावर लिहून सही घेतली. पुढे आवाज परत आला तेव्हा त्याच ओळीवर बोट ठेवून मला बाहेर काढलं. त्या रागात मी नाना पेठेत जाऊन दुकानदारालाही डुप्लिकेट माल दिला म्हणून चार माणसांत सुनावलं.

ते मी चुकीचं बोललो होतो. त्यांची माफी मागून दुसरा सेट तिथूनच घेतला.

चूक कळली ती नऱ्ह्यातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये. तिथल्या मिस्त्रींनी फाटलेला बुश प्रेसवर काढला, हॅकसॉने उभा कापला आणि माझ्या हातात दिला. बाहेर लोखंडी नळी, आत लहान नळी आणि मधलं रबर दोन्हीला पक्कं चिकटवलेलं. "दादा, रबर खराब असतं तर चुरा झाला असता," ते म्हणाले, "हे पिळून फाटलंय. गाडी वर टांगलेली असताना बोल्ट आवळलेत." फाट खरोखरच एका दिशेने तिरकी गेलेली होती.

या एका गोष्टीवर मी लांबड लावणार आहे, कारण मला सात महिने आणि दुप्पट मजुरी यातच गेली. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये गच्च होते, ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तो मधलं रबर पिळून. आता गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबतात, आर्मही खाली जातात. तशा अवस्थेत बोल्ट आवळला तर रबराला तीच मोकळी अवस्था ठरते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलं राहतं. त्यावर खड्डे, स्पीडब्रेकर, घाटातले दगड. रात्रभर पार्किंगमध्ये उभी असतानाही त्याच्यावर ताण असतो. कंपनीचा अस्सल बुश घातला तरी असाच फाटेल.

मिस्त्रींची पद्धत मी शेजारी उभं राहून पाहिली. गाडी उचलण्याआधी सपाट फरशीवर उभी केली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून माप खडूने मडगार्डवरच लिहिलं. डावी बाजू उजवीपेक्षा 12 मिलिमीटर खाली निघाली. मग गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, टॉर्शन बारच्या (पुढे स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळीच्या) बोल्टवर खूण करून ताण सोडला आणि आर्म काढले. एक बोल्ट बुशच्या नळीतच गंजून बसला होता, तो कापावाच लागला, त्यात दीड तास गेला. नवे बुश दाबताना ग्रीस लावलं नाही, साबणाचं पाणी लावलं. ग्रीस फक्त बोल्टच्या दांड्याला, पुन्हा गंजून बसू नये म्हणून. बोल्ट हातानेच लावून गाडी खाली घेतली, टॉर्शन बारने दोन्ही बाजू सारख्या केल्या, गाडी गल्लीत पुढे-मागे ढकलून बसू दिली. त्यानंतर चाकं जमिनीवर असताना खाली सरपटत जाऊन आठही जागा टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) आवळल्या. या शेवटच्या कामाला जेमतेम पाऊण तास लागला. मोठ्या वर्कशॉपला लिफ्ट आहे, गणवेश आहे, कॉफीचं मशीन आहे, आणि एवढा पाऊण तास नाही, याचा मला आजही राग येतो. तुम्ही कुठेही काम द्या, 'शेवटचं आवळणं गाडी चाकांवर असताना करणार का' हे आधी विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर किल्ली परत घ्या.

मजुरी 3,600, बुश 3,100, अलाइनमेंट 700. पाचशे किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा तपासलं, टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) किंचित हलला होता.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत असं मधे मनात होतं. ते आतल्या नळीवर फिरतात, त्यामुळे पिळण्याचा प्रश्न तितका येत नाही. पण ते कडक असतात, सिलिकॉन ग्रीस सुकलं की कुरकुरतात, आणि माझ्या गाडीत आई पुढच्या सीटवर बसते, तिची कंबर आधीच दुखते. रबरच ठेवलं, ते बरं झालं.

आणखी एक सवय सोडली. पावसाळ्याआधी वॉशिंग सेंटरवाला खालून डिझेल आणि जळकं ऑइल फवारतो. चेसिसला गंज लागत नाही म्हणून मी दरवर्षी मारून घ्यायचो. ते तेल रबरात मुरतं, रबर फुगतं आणि मऊ पडतं. आता खालून फक्त पाण्याने धुवायची, आणि गंजाच्या जागा ब्रशने रंगवायच्या.

नऊ महिन्यांत 9,400 किलोमीटर झाले. ब्रेकला गाडी सरळ थांबते. नवले पुलाच्या उतारावर ट्रकच्या मागे जोरात ब्रेक मारावा लागला तेव्हा स्टिअरिंग हातात स्थिर राहिलं. आधी तिथे मी दोन्ही हातांनी आवळून धरायचो. नवे टायर दोन्ही कडांनी सारखे झिजतायत. गेल्या रविवारी टॉमी (लोखंडी पहार) घालून प्रत्येक बुश पाहिला, आर्म जागचा हलत नाही. फक्त डाव्या लोअर बॉल जॉइंटचं (आर्म चाकाकडे जोडणाऱ्या गोल सांध्याचं) रबरी बूट फाटलेलं दिसलं. सांधा अजून घट्ट आहे, पण आत पाणी जाण्याआधी, याच महिन्यात, नऱ्ह्याला नेऊन बदलून घेणार आहे.