रायफलची ॲल्युमिनियम पेटी: तीन वेळा विमानाने जाऊन-येऊन

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे रायफल सोडून मी बिजागरीवरच का घसरतो ते कळेल. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. गेट, ग्रिल, शेडच्या कैच्या असली कामं. थोरली पोरगी अकरावीला आहे, नेमबाजीत दहा मीटर एअर रायफल खेळते. ही पेटी तिच्या रायफलसाठी घेतली त्याला दीड वर्ष झालं.

पेटी साडेनऊ हजारांची. चंदेरी पत्रा, काळे प्लॅस्टिकचे कोपरे, दोन कड्या, मधे आकड्यांचं कुलूप, आत अंड्याच्या ट्रेसारखा उंचसखल स्पंज. कुठल्याही रेंजवर गेलात तर निम्म्या पोरांकडं हीच दिसेल. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम टाकत नाही. बनवणारा एकच असावा आणि स्टिकर लावणारे दहा, असा माझा अंदाज आहे.

आधी आम्ही दिल्लीला रेल्वेनं जायचो. रायफल कापडी बॅगेत, बॅग बर्थखाली, साखळी माझ्या पायाला. पण कोल्हापूर-निजामुद्दीन आठवड्यातून एकदाच सुटते, आणि तुघलकाबादच्या कर्णीसिंग रेंजवर ज्या दिवशी पोरीची निवड चाचणी, त्या तारखेशी गाडीचा वार काही जुळेना. मग पुण्यापर्यंत गाडीनं आणि पुढं विमानानं. विमानाला कापडी बॅग चालत नाही, कुलूपबंद कडक पेटी लागते. म्हणून ही खरेदी.

दुकानदार पेटीवर उभा राहून दाखवतो, "बघा साहेब, वाकत नाही." पेटीवर उभं कोण राहतंय? तिची खरी परीक्षा चेक-इन काउंटरवर होते. पेटी तिथं उघडावी लागते, मागं शंभर माणसांची रांग असते, समोरच्या पोरानं आयुष्यात एअर रायफल बघितलेली नसते. त्या दहा मिनिटांत पेटी कशी वागते त्यावर मी तिला मार्क देतो.

पहिल्या वेळचं सांगतो. पोरगी पुढं झाली आणि सरळ म्हणाली, "पेटीत एअर रायफल आहे, लगेजला टाकायची आहे." ते बरोबरच आहे. शस्त्र केबिनमध्ये नेता येत नाही, सामानात टाकायचं आणि काउंटरवर स्वतःहून सांगायचं. पण काउंटरवरच्या मुलाच्या कानात "रायफल" एवढंच शिरलं. "लायसन्स?" आम्ही सांगितलं, साडेचार मिलीमीटर नळीची आणि वीस जूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही, 2016 च्या शस्त्र नियमांत तसं आहे. तो म्हणाला, "लेकिन गन तो है ना?" आता याला काय उत्तर देणार? सुपरवायझर आला, मग सिक्युरिटीचा माणूस आला. खरेदीचं बिल, रायफल असोसिएशनचं पत्र, स्पर्धेची एंट्री, पोरीचं ओळखपत्र, सगळं मांडलं. कोचनी नियमाचं पान लॅमिनेट करून दिलं होतं, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. लॅमिनेशन केलेल्या कागदाला आपल्याकडं वेगळाच मान आहे.

मग प्रश्न आला सिलेंडरचा. रायफलच्या नळीखाली हवेचा सिलेंडर असतो, पूर्ण भरला की 200 बार. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतात, त्यावरून हिशेब करा. सामानात टाकायचा तर तो रिकामा लागतो, हे मला माहीत होतं. पण पोरीनं आदल्या दिवशी सराव केला आणि तो तसाच राहिला. काट्यावर शंभरच्या आसपास दिसत होतं. सिक्युरिटीवाला म्हणाला, रिकामा करा. हवा सोडायचा स्क्रू सिलेंडरबरोबरच मिळतो, मी तो तिथंच, काउंटरवर, फिरवायला घेतला.

एअर कॉम्प्रेसरचा वॉल्व्ह उघडल्यावर जो आवाज येतो तो आमच्या शेडमध्ये दिवसातून वीसदा येतो, कुणी मान वळवत नाही. विमानतळावर मात्र तो आवाज आला आणि पुढच्या दोन रांगा एकदम मागं सरकल्या. एका बाईंनी पोराला उचलून घेतलं. सीआयएसएफचा जवान धावत आला, हात कमरेला. पोरगी म्हणाली, "पप्पा, थांबा!" पण सोडलेली हवा परत भरता येते होय? काटा शून्यावर येईपर्यंत मी तसाच धरून उभा, आणि तोंडानं "हवा आहे, नुसती हवा आहे" चालू.

जवान हरियाणाचा होता. पोरीला विचारलं, हा कसला खेळ? ती म्हणाली, "पॅरिस ऑलिम्पिकमें स्वप्नील कुसाळेको ब्राँझ मिला ना, वो हमारे कोल्हापूरके हैं." स्वप्नीलचा खेळ पन्नास मीटर थ्री पोझिशनचा, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा, हिचा दहा मीटरचा, पण तिथं एवढा तपशील कोण विचारतोय. राधानगरीच्या कांबळवाडीचा पोरगा लोहगावच्या विमानतळावर आमच्या कामाला आला. जवान हसला आणि तिला "शाबास बेटा" म्हणाला.

आता पेटी. मधलं आकड्यांचं कुलूप पहिल्याच ट्रिपला बाद झालं. आतली बारकी पट्टी सरकली की आकडा बदलतो, आणि आपल्याला कळतही नाही. दिल्लीत खोलीवर 000 पासून 417 पर्यंत आलो तेव्हा उघडली. ते कुलूप ड्रिल मारून काढून टाकलं. आता दोन कड्यांना दोन साधी पितळी कुलुपं आहेत, चावी पोरीच्या गळ्यात.

स्पंज हा खरा दोष. वरखाली दोन स्पंज आणि मधे रायफल, म्हणजे पेटी उभी केली की रायफल तोंडाकडं सरकणारच. दुसऱ्या फेरीत आम्ही मागची साइट, म्हणजे डायऑप्टर, रायफलवरच ठेवली होती. पेटीच्या झाकणाला कुठंतरी दणका बसला, पोचा आत आला आणि साइटचा नॉब वाकला. कुणाच्या हातून झालं ते कळायला मार्ग नाही. पोरीनं मैत्रिणीची साइट उसनी घेऊन मॅच मारली. काय झालं असेल ते तुम्हीच समजा. घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही, जणू पोचा मीच पाडला.

परत आल्यावर स्पंज भंगारात टाकला. पॅकिंगवाल्याकडून पन्नास मिलीमीटरचा काळा घट्ट फोम आणला आणि हॅक्सॉच्या पानानं खाचा कापल्या. रायफलची एक, सिलेंडरची वेगळी, साइटची वेगळी, ॲलन कीची बारकी. नळी रिकामी आहे हे दाखवायला तिच्यात घालायची केशरी सेफ्टी फ्लॅग बाहेर लोंबताना दिसेल अशी जागा ठेवली. खर्च सातशे आणि एक रविवार. तिसऱ्या फेरीला पेटी उघडली आणि काउंटरवरच्या बाईंनी वरून नुसतं बघितलं. नळी रिकामी, सिलेंडर वेगळा, काटा शून्यावर. चार मिनिटांत टॅग लागला. हाच फोम कंपनीनं दिला असता तर मी पेटीला पाचपैकी साडेचार दिले असते.

बाकी पेटी वाईट नाही. बिजागरी पूर्ण लांबीची पियानो बिजागरी आहे, ती अजून पहिल्यासारखी चालते. पत्रा पातळ आहे पण कडेचं सेक्शन जाड आहे, तोल सांभाळून बनवलंय. हँडल मात्र दोन पॉप रिव्हेटवर. चौथ्या उड्डाणाला एक निघाला. पाच-साडेपाच किलोची रायफल, सहा किलोची पेटी, आणि ते सगळं दोन पॉप रिव्हेटवर? आमच्याकडं खिडकीच्या जाळीलाही असं करत नाहीत. बोल्ट आणि नायलॉक नट लावलेत, आत वॉशर टाकून.

वजनाचं गणित आधीच करा. देशातल्या विमानांत साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी पंधरा किलो. पेटीच अकरा खाते, मग कॅनव्हासचं जॅकेट, ट्राउझर, बूट, स्टँड कुठं घालणार? जादा वजनाचे पैसे मी दरवेळी भरतो, शस्त्र हाताळण्याचे वेगळे घेतात, आणि ते कंपनीगणिक बदलतात. तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारून घ्या, आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून ठेवा.

तिसऱ्या फेरीला रांगेत एक पॉइंट टूटूचा, म्हणजे पन्नास मीटरला लागणाऱ्या काडतुसाच्या रायफलचा पोरगा भेटला. त्याचं प्रकरण वेगळंच. परवाना तर लागतोच, काडतुसं मूळ खोक्यात आणि वजन पाच किलोच्या आत. "तिकडं जाऊन का विकत घेत नाहीस?" मी विचारलं. म्हणाला, "काका, माझ्या रायफलला काडतुसांचा एकच लॉट सूट होतो, तो संपेपर्यंत दुसरं नाही." पोरगी कान देऊन ऐकत होती. हल्ली तीही पन्नास मीटरचं बोलायला लागली आहे. हिच्या आईला अजून सांगितलेलं नाही.

उतरल्यावर रायफल कुठं मिळेल हे आधी विचारा. एका ठिकाणी माणूस हातात घेऊन आला, टॅग जुळवला, सही घेतली, मग दिली. दुसऱ्या ठिकाणी, कुठं ते लिहीत नाही, पेटी सरळ पट्ट्यावर बॅगांमधून फिरत आली. एक गृहस्थ ती कीबोर्ड समजून उचलायलाच निघाले होते.

रेंजवरचे तीन पालक आतापर्यंत पेट्या घेऊन वर्कशॉपला येऊन गेलेत, हँडल बदलायला आणि फोम कापायला. पैसे घेत नाही. फक्त फोनवर आधीच सांगतो, सिलेंडर रिकामा करून आणा.